गुरूंचे पाय धुणाऱ्या मुलींचे गुडघे

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या अनेक नृत्यवर्गांत एकच दृश्य दिसते. दुकानांच्या वर भाड्याने घेतलेला हॉल, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात नटराज. ओढण्या कमरेला आवळून बांधलेल्या मुली रांगेत उभ्या. समोर खुर्चीत बाई किंवा सर, खाली परात आणि परातीत त्यांचे पाय. एकेक मुलगी येते, पाणी घालते, पाय पुसते, कुंकू लावते, डोके टेकवते. पालक मोबाईल वर धरून उभे असतात. घरी पोहोचेपर्यंत व्हिडिओ स्टेटसला लागलेला असतो.

त्याच पौर्णिमेला आमच्या विहारांत वर्षावास सुरू होतो. बुद्धाने सारनाथला पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला तो हाच दिवस. त्या पाचांनी शंका काढल्या, प्रश्न विचारले आणि बुद्धाने उत्तरे दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले आहे, मोक्षदाता नव्हे. वाट दाखवणार तो, चालायचे तुम्ही. आता आमच्याच वस्तीतल्या काही मुली सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील घेतात आणि संध्याकाळी त्या परातीसमोर वाकतात. एकाच दिवशी गुरूच्या दोन परस्परविरोधी कल्पना या बारा-तेरा वर्षांच्या लेकरांच्या अंगावर टाकल्या जातात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आम्ही काढतो आहोत.

पहिला आक्षेप आम्हाला तोंडपाठ आहे: "निदान कलेत तरी जात आणू नका." महाशय, आम्ही आणलेली नाही. ती तिथे आधीपासून पुढच्या रांगेत उभी आहे. पण आज आपण जातीपासून सुरुवात करू नये, शिकण्यापासून करू. नाच शिकताना मुलीचे नेमके काय होते?

गणित चुकले तर पाटी पुसता येते. नाचात पाटी म्हणजे मुलीचे स्वतःचे शरीर. चूक झाली की ती वहीत राहत नाही. वीस मुली, समोरचा आरसा आणि बाईंची नजर यांच्यासमोर तिचा पाय, तिची कंबर, तिचा चेहरा चुकीचा ठरतो. अशा ठिकाणी भीती आणि लाज या भावना शिक्षणाच्या बाहेरच्या गोष्टी राहत नाहीत. भ्यालेल्या मुलीचे खांदे कानांकडे चढतात, श्वास छातीत अडकतो, नजर जमिनीकडे जाते, आणि जिचे अर्धे लक्ष बाईंच्या कपाळावरच्या आठीकडे आहे तिची सम हमखास चुकते. मग बाई म्हणतात, "हिला लयच नाही." लय होती हो. तुमच्या आठीने ती खाल्ली.

सगळ्यांच्या नजरा झेलत पुढे जाणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव गणित सोडवायला फळ्याकडे निघाला तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली होती. गणित त्याला येत होते. प्रश्न फळ्यापर्यंत पोहोचण्याचा होता.

आता एका मुलीची गोष्ट. आमच्या अभ्यासिकेत येणारी, आठवीत शिकणारी. आई चार नंबर कॅम्पात घरी बसून जीन्सचे धागे कापते आणि नगावर पैसे मिळवते. त्या पैशातून तिने मुलीला भरतनाट्यमच्या वर्गात घातले. वर्ग कुठला, ते सांगण्याची इथे गरज नाही. फरशीखाली थेट सिमेंट, आणि त्या फरशीवर अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धे बसल्यासारखे उभे राहून, रोज तट्टडवू आपटायचा. काही आठवड्यांत मुलीचा उजवा गुडघा दुखू लागला. तिने एकदा सांगितले. उत्तर मिळाले, "नाचायचे तर दुखणारच. तुम्ही लोक तर कष्टाळू असता." ही 'स्तुती' नीट वाचा. दुखण्याची तक्रार करायचा हक्क कुणाला आणि सोसायचे कर्तव्य कुणाचे, ते मोजक्या शब्दांत ठरवून टाकले. मुलीने त्यानंतर पाच महिने तोंड उघडले नाही. ती गुडघा वाचवण्यासाठी डाव्या पायावर भार देऊ लागली, त्यामुळे कंबर वाकडी पडू लागली, आणि त्या वाकड्या कमरेसाठी ती रोज बोलणी खात राहिली. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाच पूर्ण बंद करायला सांगितला तेव्हा घरी कळले. आईने विचारले, "अगं, सांगितलं का नाहीस?" मुलगी म्हणाली, "सांगितलं असतं तर मागच्या रांगेत टाकलं असतं."

ती मागच्याच रांगेत होती. त्याच्याही मागे टाकतील ही भीती.

याला भक्ती म्हणतात, समर्पण म्हणतात, साधना म्हणतात. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. धर्मातली भक्ती त्यांनी त्यातून वगळली होती, हे आम्हाला माहीत आहे. नृत्यवर्ग यातला कोणता? तिथे फी घेतली जाते, परीक्षेचे फॉर्म भरले जातात, रंगमंचावर कोण पुढे उभे राहणार ते ठरते, दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब होतो. जिथे असा अधिकार एका माणसाच्या हातात असतो तिथे राजकारणच चालते. तेव्हा बाबासाहेबांचा तो इशारा परातीपर्यंत पोहोचला पाहिजे.

आणि हे फक्त गुडघ्याचे प्रकरण नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी बाहेर आली. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. त्यानंतर सगळीकडे एकच मागणी झाली, कॅमेरे लावा. लावा, जरूर लावा. पण कॅमेरा मुलीच्या तोंडून 'नको' हा शब्द काढू शकत नाही. नाच शिकवताना शिक्षकाचा हात विद्यार्थिनीच्या पाठीला, कमरेला, गुडघ्याला लागतो. तो लावण्याआधी "हात लावू का?" असे विचारणारे किती शिक्षक आपण पाहिले? जिला 'दुखतंय' म्हणायची चोरी, ती 'हात काढा' कधी म्हणणार? 2023 साली चेन्नईच्या कलाक्षेत्रात विद्यार्थिनी लैंगिक छळाविरुद्ध धरण्यावर बसल्या तेव्हा देशभर चर्चा झाली. ती संस्था 1936 पासूनची, जगभर नाव असलेली. तिथल्या सज्ञान मुलींना धरण्यावर बसून बोलावे लागले, तर आमच्या पट्ट्यातल्या दुकानावरच्या हॉलमध्ये दहा वर्षांच्या पोरीने कुणाकडे जायचे? मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. या कायद्याची पाटी आम्ही गेलो त्या एकाही वर्गात आम्हाला दिसली नाही. नटराज मात्र सगळीकडे होता.

आता 'भाव' या विषयाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. "हिच्या चेहऱ्यावर भावच येत नाही," ही तक्रार आमच्या मुलींबद्दल वारंवार ऐकू येते. पाठोपाठ 'घरचे संस्कार' येतात. अहो, मुलगी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली. तिला तुम्ही गणेशवंदनेत उभे करता आणि लीनता मागता. जी लीनता तिच्या आजोबांनी विचार करून टाकून दिली, ती नातीच्या चेहऱ्यावर यावी कुठून? कोरा चेहरा हा तिचा प्रामाणिकपणा आहे. मग वार्षिक कार्यक्रमात तिला कोळीनृत्य मिळते, कारण "तुमच्या अंगातच ठेका असतो ना." ठेका आमचा आणि शास्त्र तुमचे, अशी ही वाटणी! ज्याला आज शुद्ध शास्त्रीय म्हणतात ते भरतनाट्यम देवदासींच्या सदिर नाचातून आले. 1947 साली मद्रास प्रांतात कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या घराण्यांतल्या बायकांच्या हातून नाचही गेला आणि वरच्या जातींच्या सभागृहांत पोहोचला. खुद्द नाट्यशास्त्रात भरताच्या मुलांना ऋषींनी शूद्र होण्याचा शाप दिल्याची कथा आहे. म्हणजे तुमच्याच ग्रंथाप्रमाणे नाचणारे शूद्र. परातीतले पाय कुणाचे, ते एकदा तपासून घ्या.

आमच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही, ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या घरांतून नाचाला जो विरोध होतो तो लाजेतून होतो. पवळा भालेराव हिवरगावकर महार समाजातली, तमाशात उभी राहिली आणि नावारूपाला आली. विठाबाई नारायणगावकरला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आज शासन तिच्या नावाने जीवनगौरव देते. पण तमाशाच्या फडावर बाईचे काय होत होते ते आपल्या आज्यांना ठाऊक होते. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाची कमाई बाबासाहेबांनी नाकारली, ही गोष्ट चळवळीत सर्वांना माहीत आहे. येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशा, जात आणि अब्रू यांच्या या गुंत्यावर 2022 साली पुस्तक लिहिले, ते आपल्यातल्या वाचणाऱ्यांनी जरूर वाचावे. बाबासाहेबांनी झिडकारला तो जातीने बाईच्या देहाचा मांडलेला बाजार. आमच्यातले काही बाप मात्र त्याचा अर्थ 'आपल्या पोरींनी नाचायचे नाही' एवढाच घेतात, आणि तेच बाप 14 एप्रिलला डीजेसमोर रात्री बारापर्यंत नाचतात. त्यामुळे मुलगी वर्गात पाऊल ठेवते ते घरची लाज पायात बांधून. तिथे तिला पुन्हा लाजच मिळाली तर ती शिकणार कधी?

मग मोबाईल येतो. गल्लीत पोरी रील लावून नाचतात आणि दोन दिवसांत अख्खे गाणे बसवतात. एकलव्याची मातीची मूर्ती आता मोबाईल झाली आहे. ती टोमणा मारत नाही, रांग ठरवत नाही, शंभर वेळा पुन्हा दाखवते. पण त्या मूर्तीची मर्यादाही तीच आहे. तिला डोळे नाहीत. मुलीचा गुडघा आत पडतो आहे, टाच उचलली जाते आहे, हे मोबाईल सांगत नाही. ते सांगायला जिवंत माणूस लागतो, म्हणून शिक्षक नकोच असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

असे शिक्षक आहेत. उल्हासनगरात एक सिंधी बाई कथक शिकवतात, मुली त्यांना दीदी म्हणतात. त्यांचे आजी-आजोबा फाळणीनंतर इथल्या लष्करी छावणीच्या बराकीत येऊन पडलेले. गुडघा बरा झाल्यावर आमची ती मुलगी त्यांच्याकडे गेली. पहिले पंधरा दिवस दीदींनी तिला घुंगरू बांधूच दिले नाहीत. जमिनीवर तिच्या शेजारी बसून हाताने ताल धरायचा आणि बोल तोंडाने म्हणायचे, एवढेच. मग संथ लयीत तत्कार. मधेच दीदी मुद्दाम चुकायच्या आणि मुलींनी ती चूक पकडायची. पाचव्या दिवशी आमच्या मुलीने पकडली आणि हात वर करावा की नाही म्हणून रडकुंडीला आली. एवढी साधी गोष्ट, पण बाईंची चूक मोठ्याने सांगता येते हे तिला तोवर माहीतच नव्हते.

एकदा अभिनयाचा पाठ होता: तहानेला माणूस पाणी पितो. आमच्या मुलीने ओंजळ केली, वाकली, पाणी घेतले आणि पिण्याआधी मान वर करून चारी बाजूंना पाहिले. दीदींनी विचारले, "ये क्या है? कोई मारने आ रहा है?"

"महाड," मुलगी म्हणाली.

20 मार्च 1927 म्हणजे काय, ते दीदींना माहीत नव्हते. त्यांनी खाली बसून तिच्याकडून ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, मान थोडी सावकाश वळव, आधी डोळे जाऊ देत. ज्या चेहऱ्यावर भावच येत नाही असे ठरवून टाकले होते, तो चेहरा आम्ही त्या दिवशी पाहिला.

कुणी म्हणेल, मग गुरूबद्दल कृतज्ञताही नको का? हवी. कोलंबियात जॉन ड्युई बाबासाहेबांचे शिक्षक होते. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले. जून 1952 मध्ये मानद पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्युईंना भेटण्याची त्यांना ओढ होती, पण त्याच दिवसांत ड्युई वारले. ते दुःख त्यांनी पत्रातून माईसाहेबांना कळवले. जवळपास चाळीस वर्षे टिकलेले हे प्रेम परातीशिवाय टिकले.

नृत्यशिक्षकांची अडचणही आम्ही ओळखतो. हॉलचे भाडे तासावर, फी निम्मी थकलेली, आणि बहुतेक जणी स्वतः टोमणे खाऊनच शिकलेल्या. त्यांना मिळाले ते त्या पुढे देतात. पण नगरपालिका आणि महानगरपालिका महोत्सवांच्या मांडवांवर खर्च करतात, तर लाकडी जमिनीचा एखादा सराव हॉल स्वस्त भाड्याने का देऊ शकत नाहीत? अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवर 1060 पासून दगडी नर्तकी उभ्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांना काही होत नाही. आमच्या मुलींच्या होते.

येत्या आषाढी पौर्णिमेसाठी वस्तीतल्या पालकांशी आमचे बोलणे झाले आहे. कुणी परात उचलणार नाही. मुलीबरोबर वर्गात जायचे, बाईंना नमस्कार करायचा, फी बाकी असेल तर द्यायची आणि विचारायचे: "बाई, आमच्या पोरीचा कुठला गुडघा दुखतो, तुम्हाला माहीत आहे का?"