'अपघात' हा शब्द कोणाच्या सोयीचा?

इंग्रजीतला 'अ‍ॅक्सिडेंट' आता खेड्यापाड्यातल्या मराठीतही रुळला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर येऊन पडणे. म्हणजे ज्यात करणारा कोणी नसतो, फक्त सोसणारा असतो. आपण याला अपघात म्हणतो, वर्तमानपत्रे दुर्घटना लिहितात, आपल्या घरांतून हादसा ऐकू येतो. शब्द तीन, पण तिन्ही वापरताना 'कोणी केले?' हा प्रश्न गळून पडतो. माझे भांडण या गळतीशी आहे.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. सात बालके वाचली, दहा दगावली. बातम्यांत आणि शोकसंदेशांत शब्द आला 'दुर्घटना'. चौकशी समिती नंतर बसली, निलंबने नंतर झाली; शब्द मात्र आधीच ठरलेला होता.

आमच्या जिल्ह्यात धानाच्या रोवणीत वाकलेल्या बाईवर वीज कोसळते, तो अपघात. पण रुग्णालयातल्या तारा, यंत्रे, रात्रपाळी, बाहेर पडायची वाट हे सगळे माणसाने ठरवलेले असते. तिथे आग लागली, तर आधी विचारायचे की तपासणी कधी झाली होती, धूर कळवणारी यंत्रणा होती का, त्या वेळी खोलीत कोण होते. उत्तरे मिळाल्यावर खुशाल अपघात म्हणा.

हे मी मनाचे सांगत नाही, कायदाही तेच सांगतो. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८० नुसार अपघाताचा बचाव कोणाला मिळतो? जो कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी आणि खबरदारी घेऊन करत होता त्यालाच. म्हणजे खबरदारी आधी सिद्ध करायची, अपघात नंतर म्हणायचे. आपण उलटे करतो.

उलटे केल्याचा परिणामही पाहिला. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातल्या आगीत किमान १३ रुग्ण गेले. नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११. एकाच वर्षात तीनदा. जे एकदा घडून धडा देऊन गेले, ते पुन्हा घडल्यावर 'अचानक' कसे?

काही जण म्हणतील, "अल्लाहची मर्जी, त्यांचे आयुष्य तेवढेच होते." त्या आईने असे म्हणावे, तिला सब्र तिथूनच मिळतो. पण ज्याच्या हवाली मूल केले होते, त्याने तकदीरचे नाव घेऊ नये. सोपवलेला जीव ही अमानत असते. आणि ज्यांना धर्माचाच दाखला हवा आहे, त्यांनी सूरह अन-निसाची ९२ वी आयत काढून पाहावी. चुकून झालेल्या हत्येलाही तिथे माफीचा फुकट परवाना नाही; दियत आहे, कफ्फारा आहे. हेतू नव्हता म्हणून हिशेब संपत नाही.

मग शब्द कोणता वापरायचा? मराठीत ते पडून आहेत: निष्काळजीपणा, हलगर्जी, बेपर्वाई. गफलतही आहे. आपण ती 'थोडा घोळ झाला' इतकी हलकी करून टाकली; दीनच्या भाषेत गफलत म्हणजे बेसावध राहण्याचा गुन्हाच. आणि खुद्द 'अपघात' उलगडून पाहा, त्याच्या पोटात 'घात' बसला आहे. घात झाला म्हटले की मराठी माणूस लगेच विचारतो, कोणी केला?

२४ जानेवारी २०२५ रोजी याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार ठार झाले. दोष कोणाचा, कोणाचा नाही, हे तपासाने ठरवावे. आरोप करणे हे माझे काम नाही. पण मग निर्दोष ठरवण्याची घाई तरी का? तपास पुरा होईपर्यंत सरळ लिहा: स्फोट झाला, आठ माणसे मेली. सोशल मीडियावर शोक व्यक्त करतानाही एवढे पथ्य पाळता येईल. श्रद्धांजली वाहताना आरोपीच्या वकिलाचे काम आपण फुकटात करू नये.