नाक्याला नाकाच म्हणा!

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे. 'चेकपोस्ट' या शब्दाशी.

पहिले म्हणजे हा शब्द धड विलायतीही नाही. तिकडे 'चेकपॉइंट' म्हणतात. बर्लिनचा 'चेकपॉइंट चार्ली' प्रसिद्धच आहे. (चार्ली कोणी साहेब नव्हता बरं का! ए, बी, सी मधला तिसरा, म्हणून सैन्याच्या बोलीत चार्ली.) 'चेकपोस्ट' ही आपल्याच उपखंडातली पैदास, आणि तिच्यापायी आपण नाका, चौकी, वेस हे शब्द अडगळीत टाकले.

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात दहीहंडा वेस आहे, अगर वेस आहे. बाहेर पडलात तर कोणत्या गावाकडे जाल, ते नावच सांगते. पहारा असायचा, पण वेस गावाची होती. नाका त्याहून रोखठोक. इथे अडवतील, इथे मोजावे लागतील. जकात नाका, टोल नाका. 'नाकाबंदी' म्हटले की शेंबड्या पोरालाही कळते. आता त्याचा झाला 'टोल प्लाझा'! स्पॅनिशमध्ये प्लाझा म्हणजे गावातला मोकळा चौक. आडवा दांडा टाकून वसुली करायची त्या जागेला चौक? फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, दांडा आपोआप उचलतो. पैसे जायचे ते जातातच.

कोणी म्हणेल, गुरुजी, शब्दाने काय बिघडते?

बिघडते. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. सीमेवर नाके बसले. पलीकडे मध्य प्रदेशात भाव जास्त, म्हणून कास्तकाराने घरचा कापूस तिकडे नेला तर त्याला नाव काय? तस्करी! स्वतःच्या वावरातला माल विकणारा माणूस एका शब्दाने चोर झाला.

इंग्रज तर यात उस्तादच. मिठावरचा कर बुडू नये म्हणून त्यांनी देशाच्या आरपार पहाऱ्याची रेघ ओढली. १८६९ मध्ये ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २३०० मैल होती, राखायला सुमारे १२००० माणसे. बऱ्याच भागात चक्क काटेरी झाडांचे कुंपण! ती आपल्या वायव्येला बुऱ्हाणपुरावरून जायची. काही वर्षे तिचा प्रमुख होता ॲलन ह्यूम, पुढे काँग्रेस स्थापणाऱ्यांतला तोच. १८७९ मध्ये ती बंद झाली. गरिबाच्या मिठाआड लावलेल्या या काट्यांना कागदोपत्री नाव होते 'कस्टम्स लाइन'. किती सोज्वळ!

म्हणून माझा आग्रह. अडवतात तिथे नाका म्हणा, पहारा असेल तिथे चौकी म्हणा. सरकारी पाटीवर 'तपासणी नाका' असे सरळ लिहिलेले असते, तरी आपण वाचताना चेकपोस्टच वाचतो, याला काय म्हणावे?

असो. बाळापूर, अकोट, अचलपूरच्या मंडळींनी आपापल्या वेशींची नावे जरूर कळवावीत. मी वहीत उतरवून ठेवतो आहे.