वामनदादांचे नाव का गाळता?

लोकशाहीर वामनदादा कर्डक 15 मे 2004 रोजी नाशकात गेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकला आणि पुढे हजारो गाणी लिहून गेला. शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ गुंफत. आज जयंतीच्या मंचावर आमचेच काही गायक नेमके तेच कडवे गाळतात! मानधन जरूर घ्यावे, पण कवीचे नाव का खावे? 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 सांगते : हक्क विकला तरी कर्तेपण लेखकाचेच राहते. पण आम्हाला कोर्टात जायचे नाही. ज्यांच्या घरी दादांच्या गाण्यांच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या 15 ऑगस्टला, दादांच्या जयंतीला, विहारात आणाव्यात. आम्ही उतरवून घेऊ, शेवटच्या कडव्यासकट.