बेटकुळीवाली गाडी आणि बाईची कमाई

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या आपल्या काही मराठी मैत्रिणींच्या गटात अलीकडे एका प्रश्नावरून बराच वाद झाला. वरवर पाहता तो चळवळीचा प्रश्न नव्हे. गटातल्या एकीला जुनी मोटार घ्यायची आहे. फोर्ड मस्टँग जीटी, २००६ चं मॉडेल, आठ सिलिंडरचं इंजिन, १ लाख ६० हजार मैल पळालेली. आपल्या हिशेबात अडीच लाख किलोमीटरच्या वर. किंमत साडेसहा हजार डॉलर. तिच्याजवळ स्वतःच्या कमाईतून साठवलेले आठ हजार आहेत. गाडी घ्यावी की घेऊ नये?

निम्म्याजणी हसल्या. 'तुला कशाला असली धूड गाडी?' उरलेल्या निम्म्या म्हणाल्या, 'घे गं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवडी सांभाळल्यास, आता स्वतःची हौस पुरव.' माझ्या मते हसणाऱ्याही चुकल्या आणि 'घेच' म्हणणाऱ्याही. म्हणून हा लेख.

आधी तिची परिस्थिती समजून घेऊ. नवऱ्याच्या नोकरीमागून एच-४ व्हिसावर गेलेल्या हजारो बायकांपैकी ती एक. या व्हिसावर बायकोला राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. २०१५ साली नियम बदलला आणि नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला असेल तर बायकोला कामाचा परवाना मागण्याची सोय झाली. आपल्या मैत्रिणीला तो बऱ्याच वर्षांनी मिळाला. कामाची जागा घरापासून चौदा मैलांवर आहे आणि तिथे बस जात नाही. नवरा सोडतो, नवरा आणतो. तो वाईट माणूस नाही. पण रोज सकाळी कुणीतरी नेलं तरच जाता येतं, हे तिच्या मिळवतेपणातलं मोठं भोक आहे.

वाहन आणि बाईचं स्वातंत्र्य यांचं नातं आपल्याला नवं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. बसची वाट पाहणं आणि घरातल्या पुरुषाची मनधरणी करणं दोन्ही कमी झालं. आपल्याकडे १९७२ साली आलेल्या लूनाने कितीतरी शिक्षिका-नर्सना हेच दिलं. अमेरिकेच्या उपनगरात सायकल आणि लूना दोन्हींची जागा मोटारीने घेतली आहे. तिथे मोटार नसलेली बाई सुखवस्तू घरातसुद्धा घरकोंडीतच असते. म्हणजे तिला गाडी हवी, हे निर्विवाद. पण कुठली?

ज्या गाडीवर तिचं मन बसलं आहे तिला तिकडे मसल कार म्हणतात. आपण बेटकुळीवाली गाडी म्हणू. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि सरळ रस्त्यावर ती सुसाट पळवायची, ही कल्पना. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून हे युग सुरू झालं असं मानतात. मस्टँगही त्याच वर्षी, १७ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात लोकांसमोर आली आणि पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक खपली. अगदी काटेकोरपणे बोलायचं तर जाणकार तिला 'पोनी कार' म्हणतात, पण व्ही-८ इंजिनाची मस्टँग लोकांच्या लेखी मसल कारच.

आता गंमत पाहा. विक्रीला ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी, १५ एप्रिल १९६४ रोजी, शिकागोत जी पहिली मस्टँग विकली गेली ती बावीस वर्षांच्या एका शिक्षिकेने घेतली. तरी पुढे ही गाडी पुरुषाच्या मर्दुमकीची खूण ठरली. कंपनीने सहा सिलिंडरचं साधं मॉडेल कमावत्या अविवाहित मुलींसाठी म्हणून जाहिरातीत मांडलं आणि आठ सिलिंडरचं पुरुषांसाठी राखल्यासारखं केलं. साध्या मॉडेलला 'सेक्रेटरीची गाडी' असं हिणवलं जाऊ लागलं. त्याआधी १९५५ साली डॉज कंपनीने 'ला फाम' नावाची खास बायकांची गाडी काढली होती. गुलाबी रंग, जुळणारी पर्स, लिपस्टिक ठेवायची डबी. इंजिनाचा विचार मात्र बायका करत नाहीत असं गृहीत! बायकांनी त्या गाडीकडे पाठ फिरवली आणि १९५६ नंतर ती बंद झाली.

तेव्हा 'बाईला एवढी ताकद कशाला' हे वाक्य भाबडं नाही. त्याला सत्तर वर्षांचा व्यापारी इतिहास आहे. दणकट इंजिनाचा आवाज, पाय दाबताच अंगावर येणारा वेग यांचं आकर्षण बाईला वाटू शकतं, आणि त्यासाठी तिने कुणाची माफी मागण्याचं कारण नाही. ज्या मैत्रिणी हसल्या त्यांनी स्वतःला विचारावं : हीच गाडी एखाद्या चाळिशीच्या पुरुषाने घेतली असती तर आपण 'हौशी आहे' म्हणून सोडून दिलं नसतं का?

पण हौस खरी म्हणून हिशेब खोटा ठरत नाही. साडेसहा हजार ही त्या गाडीची किंमत नव्हे, ती फक्त दारात आणण्याची किंमत. उरतात दीड हजार. त्यातून नोंदणी, कर आणि विमा. व्ही-८ गाडीचा विमा साध्या गाडीपेक्षा सहसा महाग. पेट्रोल एका गॅलनला अठरा-वीस मैल. त्याच पैशांत मिळणारी साधी छोटी गाडी अठ्ठावीस-तीस मैल जाते. गाडी मागच्या चाकांवर ओढणारी, पुढून जड आणि मागून हलकी, म्हणजे बर्फात घसरण्याची भीती जास्त. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तळाला गंज धरतो तो वेगळाच.

इंजिनाचं म्हणाल तर त्या वर्षांतल्या मस्टँग जीटीच्या ४.६ लिटर इंजिनाचं एक दुखणं मेकॅनिक मंडळींत प्रसिद्ध आहे. त्याचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे, काजळी धरून घट्ट बसतात आणि काढताना तुटून आत राहतात. साधं प्लग बदलण्याचं काम मोठ्या खर्चाचं होतं. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं नसेल तर टायमिंग चेनचे टेन्शनर आणि कॅम फेजर झिजतात, इंजिन खडखडू लागतं. असं एक काम निघालं की उरलेले दीड हजार संपले. शिवाय २००५ ते २०१४ च्या मस्टँग टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे परत बोलावलेल्या गाड्यांत येतात. या एअरबॅग फुटून धातूचे तुकडे उडतात आणि त्यांनी अमेरिकेत पंचवीसहून अधिक माणसं मेली आहेत. दुरुस्ती फुकट होते, पण आधीच्या मालकाने करून घेतली का, हे गाडीच्या क्रमांकावरून आपणच तपासावं लागतं.

आणि कायदा? इथेच खरी मेख आहे. न्यू जर्सीत जुन्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा आहे. विक्रेत्याने ठराविक दिवस दुरुस्तीची हमी द्यावी लागते. पण १ लाख मैलांपेक्षा जास्त पळालेली गाडी त्यातून वगळली आहे. न्यूयॉर्कमध्येही मर्यादा १ लाख मैलांचीच, मॅसॅच्युसेट्समध्ये सव्वा लाखाची. त्यापुढची गाडी बहुधा 'आहे तशी' या अटीवर विकली जाते. विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडली की बिघाड तुमचा. म्हणजे ज्या गाड्या गरिबांना, नवख्या स्थलांतरितांना आणि पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने काही घेणाऱ्या बायकांना परवडतात, नेमकं तिथे कायद्याचं छत्र संपतं. हा केवळ मोटारीचा प्रश्न नाही, हा वर्गाचाही प्रश्न आहे.

त्यात घासाघीस करणारी बाई असेल तर आणखी एक ओझं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकाने शिकागोच्या गाडी-विक्रेत्यांकडे एकसारखी घासाघीस शिकवलेली माणसं पाठवली. गाड्या नव्या होत्या, बोलणं तेच होतं. तरी विक्रेत्यांनी गोऱ्या स्त्रियांकडून गोऱ्या पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त नफा मागितला आणि कृष्णवर्णीय स्त्रियांकडून तिपटीहून जास्त. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण 'मिस्टर कुठे आहेत?' हा प्रश्न आपल्या मैत्रिणींना आजही ऐकावा लागतो.

या सगळ्याचा अर्थ काय? माझं मत स्पष्ट सांगते. ही गाडी तिची एकमेव गाडी होणार असेल तर तिने ती घेऊ नये. 'बाईला शोभत नाही' हे त्याचं कारण नव्हे. ती बंद पडेल तेव्हा खर्च फक्त डॉलरमध्ये होणार नाही, हे कारण आहे. गाडी गॅरेजात उभी राहिली की तीन आठवडे ती पुन्हा नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य फुकट. दुरुस्तीसाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागला तर पहिल्या कमाईतून मिळवलेला मोकळेपणा त्या बिलात गेला. पुरुषाची गाडी बिघडली तर त्याची हौस महाग पडते. तिची बिघडली तर तिची नोकरीच धोक्यात येते. शिकागोच्या त्या शिक्षिकेची मस्टँगसुद्धा पुढे बंद पडून पंचवीसहून अधिक वर्षं गॅरेजात पडून होती. घरात दुसरी सोय असेल तर तेही चालतं. आपल्या मैत्रिणीला असं थांबणं परवडणारं नाही.

म्हणून आधी त्याच पैशात एखादी साधी, कमी पळालेली, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करील अशी गाडी घ्यावी. हातात दोन हजार तरी राखून. आणि मस्टँगची इच्छा मारू नये, तिच्यासाठी वेगळं खातं काढावं. दुसरी गाडी म्हणून, दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून, ती जरूर घ्यावी. तेव्हा हसणाऱ्यांना आपणच गप्प करू.

कुठलीही जुनी गाडी घेताना चार गोष्टी मात्र सोडू नयेत. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला शंभर-दोनशे डॉलर देऊन गाडी तपासून घ्यावी. विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच परतावं. इंजिन थंड असताना सुरू करून ऐकावं, कारण तापलेल्या इंजिनाचा दोष लपतो. तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. आणि मालकीच्या कागदावर, ज्याला तिकडे टायटल म्हणतात, नाव स्वतःचं असावं. दोघांची नावं घालायची तर मधला शब्द 'आणि' आहे की 'किंवा' हे वाचावं. 'आणि' असेल तर बऱ्याच राज्यांत विकताना दोघांची सही लागते. 'किंवा' असेल तर एकट्याने गाडी विकता येते, त्यालाही. अडचणीच्या दिवसात हा एक शब्द बाईला घरात अडकवू शकतो किंवा बाहेर काढू शकतो. कर्ज घ्यायचं असेल तर लक्षात ठेवावं की केवळ स्त्री म्हणून किंवा लग्नाची म्हणून कर्ज नाकारायला अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने बंदी आहे. तिची स्वतःची ऐपत पुरेशी असेल तर नवऱ्याची सही सक्तीने मागता येत नाही.

आपल्या गटांत आपण हिंसाचार, पोटगी, मालमत्ता यांवर बोलतो ते योग्यच. पण 'तुझ्या नावावर वाहन आहे का, त्याच्या किल्ल्या कुणाकडे असतात, बिघडलं तर पैसे कुठून येतात' हे प्रश्नही विचारायला हवेत, एडिसनमध्ये आणि इचलकरंजीतही. पुढच्या बैठकीत विचारून पाहा, आणि उत्तरं आम्हाला जरूर कळवा.