धूमकेतु पुन्हां केव्हां येईल?

२०२४ च्या दसऱ्यानंतर दिग्रसला गच्चीवरून आम्हीं नातीस पश्चिमेकडील त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतु दाखविला. तिनें विचारलें, “आजोबा, हा पुन्हां केव्हां येईल?”

कक्षा ठरविण्यास सहा राशी लागतात. एका वेधानें विषुवांश व क्रांति या दोनच मिळतात. म्हणून निदान तीन रात्रींचे वेध हवेत. १८०१ सालीं गाउसनें अशाच तीन वेधांवरून दृष्टीआड झालेल्या सिरीसची कक्षा काढली व तो पुन्हां सांपडला. परंतु दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूचा सूर्याजवळील अल्पसाच मार्ग आपणांस दिसतो. तेथें दीर्घवर्तुळ व अन्वस्त जवळजवळ एकरूप भासतात. वेधांत विकलांची चूक झाली, तर उत्तरांत सहस्रावधि वर्षांचें अंतर पडतें! यास्तव ज्योतिषी वेधांस वेध जोडीत राहतात.

आम्हीं नातीस म्हटलें, “सहस्रावधि वर्षें तरी नाहीं; कदाचित् कधींच नाहीं. तेव्हां आतांच नीट पाहून घे.”