कुठल्या घरमालकांची संघटना?

घरमालकांच्या संघटनेत जायचे का, असा विषय मुंबईत निघाला की दोन उत्तरे ऐकू येतात. एक, 'वकील आहे ना, मग वर्गणी कशाला?' आणि दुसरे, 'या संघटना म्हणजे बिल्डरांची दुकाने.' दोन्हींत थोडे तथ्य आहे, म्हणून ती टिकून आहेत. मात्र दोन्ही उत्तरे अर्ध्या वाटेवर थांबतात.

आधी वकिलाचे. भाडे थकवणारा, पोटभाडेकरू ठेवणारा, खोली बंद करून गावी गेलेला, अशांविरुद्ध लघुवाद न्यायालयात दावा लावायला वकीलच लागतो. संघटना तिथे फार तर चांगल्या वकिलाचा पत्ता देईल. पण गिरगावातल्या पागडीच्या चाळीच्या मालकाचे दुखणे वेगळे आहे. १९४७ च्या रेंट ॲक्टने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. म्हणजे महिना पन्नास रुपये भाडे असेल तर वाढ दोन रुपये. दुरुस्ती आणि करवाढीपोटी थोडे वाढवता येते ते वेगळे. दोनाचे तीन करणे कुठल्याही वकिलाच्या हातात नाही, कारण मालकाची तक्रार भाडेकरूविषयी नसून कायद्याविषयी आहे.

कायद्याशी भांडायला पिढ्या लागतात. म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ हे प्रकरण घातले गेले. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत संपादित करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळावी, अशी ही तरतूद. पन्नास रुपये भाड्याच्या खोलीचे झाले पाच हजार. मुंबईच्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनने हिला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये याचिका फेटाळली, १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे तीन, पाच, सात असे करत नऊ न्यायमूर्तींपुढे पोहोचले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या ३९(ब) कलमातली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. बत्तीस वर्षे! एवढ्यात चाळीच्या प्रॉपर्टी कार्डावर दोनदा वारसांची नावे चढतात. एकटा मालक इतका टिकला नसता, संघटना टिकली.

यावर कोणी म्हणेल, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्याचे काय? त्याला तर संघटनेचे नाव नाही, आणि तरी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी मनमानी ठरवली. आक्षेप रास्त आहे. पण तिथेही न्यायालयाने कायदा तिथल्या तिथे रद्द केला नाही. त्याची मुदत लवकरच संपणार होती, तेव्हा नवा कायदा करणे विधिमंडळावर सोडले. खटला जिंकल्यानंतरचे काम विधिमंडळात होते, आणि तिथे भाडेकरूंच्या मतांचे वजन मालकांच्या कैकपट. तिथे सुटा मालक कोणाला दिसणार? नऊ न्यायमूर्तींच्या निकालालाही हीच मर्यादा आहे. त्यांनी तत्त्व सांगितले. मूळ अपिलांचा निवाडा योग्य खंडपीठाकडे सोपवला.

तेव्हा पागडीच्या इमारतीच्या मालकाने संघटनेत जावे, याबद्दल फारसा वाद नको. वाद आहे तो दुसऱ्या घरमालकाबद्दल. पुण्यात खराडीला कर्ज काढून एक फ्लॅट घेतलेला नोकरदार. त्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत बहुधा अकरा महिन्यांची. त्याने १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवला आणि पोलिसांना कळवले की त्याचे बरेचसे रक्षण झाले. मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि वरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. उलट करार नोंदवलाच नाही, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा माणसाने चाळमालकांच्या संघटनेची वर्गणी भरून काय मिळवायचे? तिची लढाई त्याची नाहीच. हां, २०२१ मध्ये केंद्राने राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आहे. असा नियम आपल्या राज्यात यावा की नाही, यावर त्याला मत मांडायचे असेल तर त्याच्यासारख्या मालकांचे मंडळ हवे.

बिल्डरांच्या दुकानाचा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. जुन्या इमारतीत खरा पैसा पुनर्विकासात आहे. संघटनेचे पदाधिकारीच जर विकासक किंवा दलाल असतील, तर सभासद म्हणजे त्यांना आयती मिळालेली इमारतींची यादी. हे तपासायला फार हुशारी लागत नाही. कार्यकारिणीची नावे मागावीत, त्यातल्या कोणाचा बांधकाम व्यवसाय आहे ते थेट विचारावे. मागच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षित हिशेब पाहावेत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिथेही चौकशी करता येते. 'सभासद झाल्यावर दाखवू' असे उत्तर आले, तर पावती फाडू नये.

आणखी एक जात ओळखून ठेवावी. 'वाईट भाडेकरूंची' यादी व्हॉट्सॲपवर फिरवणारी, 'पाणी तोडा, आपोआप जाईल' असा सल्ला देणारी मंडळे. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि नावानिशी बदनामी केली तर अब्रुनुकसानीचा खटला वेगळा. गंमत अशी की हीच मंडळे सर्वांत लोकप्रिय असतात, कारण ती आज रात्रीचा उपाय सांगतात. पाणी तोडल्यावर फिर्याद होते ती मात्र मालकाच्या नावावर, मंडळाच्या नाही.