नोटीस कपाटात ठेवू नका

शाळेत प्रवेशाच्या वेळी आम्ही दरवर्षी पाहतो: एकाच मुलाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने. मोहम्मद, महंमद, मो. आपण म्हणतो, 'कारकुनाची चूक, चालतंय!' हा कायद्याचा प्रश्न आहे असं वाटतच नाही. मग पासपोर्टच्या किंवा वारसाच्या वेळी काम अडतं, आणि आपण एजंटला पैसे मोजतो. नोटीस आली तर तीही घाबरून कपाटात जाते.

आता एवढी बेफिकिरी परवडणारी नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिला, मुलं आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कमी उत्पन्नाच्या पुरुषांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१०० आहे.

आज घरातले सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघू या.